मामांचा उजवा पाय

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी शुगरच्या पेशंटच्या पायांचा दाब मोजते. आमच्या खोलीत जमिनीलगत एक लांब काळी पट्टी बसवलेली आहे. तिच्यावरून अनवाणी चालायचं. पाऊल कुठे किती जोराने टेकलं ते पट्टीतल्या सेन्सरना कळतं आणि समोरच्या पडद्यावर पावलाचं रंगीत चित्र उमटतं. निळा रंग म्हणजे हलका भार, पिवळा म्हणजे जास्त, तांबडा म्हणजे त्या जागेला जपायला हवं. खेड्यांतून येणाऱ्या बायका मला ‘पायाचं वजन करणारी’ म्हणतात.

आपण कुठे रांगेत उभे असलो की नकळत भार या पायावरून त्या पायावर टाकत असतो. पायाला रग लागते म्हणून. शुगरने ज्यांच्या पायाच्या नसा मेल्या आहेत त्यांना रग लागत नाही. ते प्रत्येक पावलाला त्याच एका जागेवर जोर देत राहतात. कातडी निबर होते, आतून फाटते, आणि एक दिवस मोज्यावर डाग दिसतो. बहुतेकांना जखम झाल्याचं त्या डागावरूनच समजतं. दुखत नाही हे चांगलं नाही, एवढंच मी दिवसभर लोकांना समजावत असते. त्यांना ते पटत नाही. माझ्या सासऱ्यांनाही पटलं नव्हतं.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा एसटीत ड्रायव्हर होते. मूळ गाव आजरा तालुक्यात. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली. अंगावर खाकी घालून नोकरीला लागलेला आमच्या बौद्धवाड्यातला पहिला माणूस म्हणजे मामा. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी गगनबावड्याच्या बाजूला गाडी चालवली. पावसात तिथे धुकं असं उतरतं की समोरच्या काचेपलीकडे काही उरत नाही. त्या धुक्यातून गाडी खाली कोकणात न्यायची आणि परत वर आणायची हे त्यांचं रोजचं काम. निवृत्त झाल्यावर घरात बसणं त्यांना जमेना. त्यांनी एक मोठी पांढरी गाडी घेतली आणि लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनाच्या सहली न्यायला लागले. स्वतः देव मानत नव्हते, पण जोतिबापासून बाळूमामापर्यंत सगळ्यांच्या पायऱ्यांशी गाडी लावून बसलेले असायचे. आवाज खणखणीत. अनोळखी माणसाला हाक मारायची ती “ओ पावणं” अशी, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतकी.

शुगर त्यांना माझ्या लग्नाआधीपासून होती. गोळ्या घ्यायचे, चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि तेवढ्याने आजार संपला असं समजायचे. मी या कामाला लागल्यावर एक-दोनदा म्हटलं, “मामा, एकदा या ना, पाय बघू.” तर म्हणाले, “सुनंच्या हातात पाय द्यायचा व्हय? काय तरीच.” सणावारी मी वाकायला गेले तरी ते पाऊल मागे घ्यायचे आणि डोक्यावर हात ठेवून मोकळे व्हायचे. सुनेने आपले पाय पकडून बघावेत याचा त्यांना खरोखरच संकोच वाटायचा.

एका रविवारी सकाळी ते दूध घेऊन आले आणि पिशवी आत द्यायला दारात उभे राहिले. आत्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “अवो, दुसरं पायताण कुठाय?”

मामांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा. क्षणभर ते पायाकडे परक्या वस्तूकडे बघावं तसं बघत राहिले. मग हसले. “पडलं वाटतं कुठंतरी.”

माझा नवरा जाऊन चप्पल घेऊन आला. ती डेअरीच्या पायरीशी पडली होती. म्हणजे तिथून घरापर्यंत, अर्धी गल्ली खडी टाकलेली असताना, मामा एक पाय अनवाणी चालत आले होते. आत्या आणि नवरा दोघंही हसत होते. मला हसू आलं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदाच, न विचारता, त्यांचं उजवं पाऊल हातात घेतलं. तळव्यात खडीचा एक बारीक कण रुतून बसला होता. मी तो काढला तरी त्यांना कळलं नाही. ते आत्यांशी दुधाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. येतानाच सांगितलं, “बघायचं ते बघ. पर गाडी सोड म्हणायचं न्हाय.”

आमच्याकडे एक साधी तपासणी असते. नायलॉनचा जाड केसासारखा धागा तळव्याला टेकवायचा. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. मी मामांना पलंगावर झोपवलं. अंगठ्याला धागा लावला. ते गप्प. चवड्याला लावला. गप्प. टाचेला लावला. मी काहीच बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मी धागा उचलून नुसतीच बसले होते, तेवढ्यात ते म्हणाले, “व्हय.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता लागलं की. व्हय.”

धागा माझ्या हातात होता. पायापासून लांब.

मी म्हटलं, “झालं मामा. उठा.” त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पास न्हवं?”

मग त्यांना पट्टीवरून चालवलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तांबडा ठिपका आला. पुन्हा चालवलं, तिथेच आला. आमच्या डॉक्टर वयस्कर आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी चित्र पाहिलं, पाय पाहिला आणि म्हणाल्या, “गाडी बंद करावी लागेल. उजव्या पायाला काहीच कळत नाहीये.”

मामा उखडले. “डाक्टरीनबाई, तुमी मी चालतोय कसा ते बगितलं. मी गाडी हाणतोय कसा ते बगितलं व्हय? त्यो पाय येगळा आन् ह्यो येगळा.”

डॉक्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. बुटात घालायचे पातळ तळवे आमच्याकडे असतात, त्यांतही सेन्सर असतात. पेशंट नेहमीच्या चपला-बुटांत कसा चालतो ते त्यांवरून कळतं. त्या मला म्हणाल्या, “बुटात तळवा घाल आणि गाडीत बसवून दाखव. त्यांचं त्यांना दिसू दे.”

दवाखान्याच्या मागे मोकळी जागा आहे. मामांनी गाडी तिथे आणली होती. मी त्यांच्या बुटात तळवा बसवला, त्याची वायर पोटरीला पट्टीने बांधली आणि लॅपटॉप घेऊन शेजारच्या सीटवर बसले. गाडी सुरू, हँडब्रेक ओढलेला. मामा सीटवर बसले की दहा वर्षांनी तरुण दिसायचे. पाठ ताठ व्हायची.

“मामा, ब्रेकवर हलकेच पाय ठेवा. समोर बघा, खाली नको.”

त्यांनी पाय ठेवला. पडद्यावर चवडा एकदम तांबडा झाला. त्यांनी ब्रेक जवळजवळ तळापर्यंत दाबला होता.

“हलकेच, मामा.”

“हलकाच हाय की.”

“आता काढा. आता पुन्हा ठेवा, जोरात.”

या वेळी चित्रात फक्त पावलाची बाहेरची कड उमटली. पाय ब्रेकच्या काठावर अर्धामुर्धा टेकला होता आणि मामा कपाळाला आठ्या घालून पूर्ण जोर लावत होते. मग पाय घसरला आणि खालच्या मॅटवर आदळला. त्यांना तेही कळलं नाही. ते समोरच बघत होते.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चित्र पाहिलं, मग मान वाकवून पाय पाहिला. गाडी बंद केली.

“पायाला कळंना झाल्याला लई दिस झालं,” ते म्हणाले. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “मी कानानं चालवतोय. इंजनाचा आवाज पडला की समजायचं, लागला ब्रेक. मागल्या पावसात वऱ्हाड घिऊन गगनबावड्यास्नं खाली चाललोतो. वळणावर आवाज पडंचना. बगतोय तर पाय ब्रेकवर न्हायच. बाजूला. मागं पोरंबाळं गाणी म्हणाय लागलीती.”

“मग?”

“मग काय. घेतली वडून. कुणाला कळलं न्हाय.” पोटरीची पट्टी सोडवत म्हणाले, “तुझ्या आत्याला सांगू नगंस.”

त्या दिवशी गाडी माझा नवरा येऊन घरी घेऊन गेला. मामा माझ्या स्कूटीवर मागे बसून आले. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं तरी त्यांनी हाक मारली नाही.

गाडी चालवणं सुटलं आणि मामांना दिवस मोठा झाला. आम्ही त्यांच्यासाठी मऊ तळव्याचे काळे बूट करून घेतले. अंगठ्याच्या मुळाखाली आतून खळगा ठेवला होता, म्हणजे तिथे भार कमी पडावा. ते बूट मात्र त्यांनी मनापासून घातले. घरातसुद्धा घालून वावरायचे. आत्या कुरकुरायच्या, “साहेब आलं बगा बूट वाजवत.” रोज रात्री ते स्वतः पाय पुसायचे आणि मला हाक मारायचे, “ये गं, तपासणी करून घे.” संकोच गेला होता. मी पाय मांडीवर घेऊन तळवा बघायचे आणि ते टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या देत बसायचे. पट्टीवर पुन्हा चालवलं तेव्हा बुटातला दाब बराच उतरलेला दिसला. डॉक्टर खूश झाल्या. आता हे असंच चालेल असं मला वाटू लागलं होतं.

वैशाख पौर्णिमेला गावच्या नव्या विहाराचं उद्घाटन होतं. वाड्यातल्या लोकांनी बरीच वर्षं झटून तो बांधला होता, मामांनीही धावपळ केली होती. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून गेलो. कार्यक्रम सकाळीच, विहाराच्या आत, सतरंजीवर होणार होता. पण विधी सांगणाऱ्या भन्तेंची गाडी उशिरा पोचली आणि सुरुवात व्हायला ऊन डोक्यावर आलं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जमली. आत जागा पुरेना. मामा पुढच्या ओळीत बसले होते, ते उठले. “बाया-पोरांस्नी बसू द्या. आमी बाप्ये बाहीर हुभा ऱ्हातो,” असं म्हणत त्यांनी आणखी चार-पाच जाणत्यांना उठवलं आणि बाहेर नेलं. बाहेर अंगणात काळी फरशी घातली होती. नवी, गुळगुळीत. बूट-चपला सगळ्यांनी फाटकाशी काढलेल्या.

मी आत खिडकीजवळ बसले होते. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. सगळे हात जोडून एका सुरात म्हणत होते. माझ्या शेजारी वाड्यातल्याच एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि खिडकीतून बाहेर दाखवलं.

“तुमचं मामा बघा. कसं मन लागलंय त्येंचं. बाकीच्यांची नुसती चुळबूळ.”

मी बाहेर पाहिलं. अंगणातली माणसं एकेक पाय उचलत होती. कुणी टाचेवर उभं होतं, कुणी रुमालावर, कुणी सरकत सरकत भिंतीच्या सावलीला गेलेलं. मध्येच मोकळ्या उन्हात मामा उभे होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले, दोन्ही पावलं फरशीवर सपाट. जराही हलत नव्हते.

मी उठले. बसलेल्या बायकांच्या मांड्यांवर पाय पडत होते, कुणीतरी “अगं, काय झालं?” म्हणालं. मी बाहेर धावले आणि मामांचा दंड धरला.

“मामा, सावलीत चला.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुटपुटले, “थांब की. पंचशील हुंदे.”

“मामा, पाय भाजतायत.”

“काय न्हाय भाजत.”

“मामा!”

मी ओरडले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाय उचलत होते, मला तिथे टेकवत नव्हतं. मग त्यांनी आजूबाजूच्या माणसांच्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. ते मुकाट्याने माझ्याबरोबर ओसरीवर आले आणि बसले. मी त्यांचा पाय उचलला. तळव्याची कातडी पांढुरकी होऊन सुटायला लागली होती.

त्यांनी विचारलं, “गरम हुतं व्हय?”

आतून सगळ्यांचा आवाज येतच होता. आत्या बाहेर आल्या, त्यांनी पाय पाहिला आणि पदर तोंडावर घेतला. मी माठातलं पाणी तांब्या-तांब्याने पावलांवर ओतत राहिले. मामा ते पाणी वाहताना बघत होते, दुसऱ्या कुणाच्या पायावर कुणी पाणी घालावं तसं.

कोल्हापूरला येताना गाडी नवऱ्याने चालवली. मामा मागे, पाय ओल्या फडक्यात गुंडाळून आत्यांच्या मांडीवर. सबंध रस्ता ते मुलाला सांगत होते, “गिअर टाक खालचा. वळण हाय म्होरं. हार्न दे.”

डावा पाय फोडांवर निभावला आणि भरून आला. उजव्याचं तसं झालं नाही. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे आधीपासूनच तांबडा ठिपका होता, तिथली जागा काळी पडली आणि संसर्ग हाडात उतरला. पायाचा रक्तपुरवठाही कमी झाला होता. आधी अंगठा काढला. मग अर्धं पाऊल. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, गुडघ्याखालून काढला नाही तर माणूस राहणार नाही.

त्यांना मी सांगायचं असं घरात ठरलं. मी जाऊन पलंगाशी बसले. शब्द जुळवत होते. मामाच म्हणाले, “सांग. रस्ता बंद हाय ते ड्रायव्हरला आदी सांगावं. घाटात गेल्यावर न्हवं.”

मी सांगितलं. त्यांनी पट्ट्यांत गुंडाळलेल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्येनं मला कायच कळवलं न्हाय बघ. इतकी वर्सं संगं हुता.”

ऑपरेशननंतर एक गोष्ट झाली, जी मी पुस्तकात वाचली होती पण घरात पाहण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. नसलेला पाय दुखायला लागला. ज्या बोटांना भाजलं तरी कळत नव्हतं त्यांना आता मुंग्या येत, चटके बसत, वात येई. मामा पांघरूण बाजूला करून गुडघ्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघायचे.

“हुता तवा कळत नव्हतं,” ते मला म्हणाले, “आन् आता न्हाय तर दुखतोय. ह्ये कसलं गं?”

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा तशीच असते. त्यांनी ऐकून घेतलं. “काल ब्रेकवर ठेवल्यागत वाटलं. अगदी बरूबर मधी,” म्हणाले. “जोर बी कळत हुता.” आणि त्यांचे डोळे भरून आले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले.

कृत्रिम पाय बसवला तेव्हा मी त्यांना पुन्हा पट्टीवर चालवलं. आता काळजी डाव्याची होती, सगळा भार त्याच्यावर येणार होता. कुबड्या घेऊन ते दोन-तीन पावलं चालले. पडद्यावर एकच पाऊल रंगीत उमटलं. दुसऱ्या बाजूला कृत्रिम पायाचा एकसारखा, निर्जीव ठसा. ते बघून म्हणाले, “ह्यो बरा. ह्येला सांगायला नगं, जप म्हणून.” डावा पाय मी शेवटपर्यंत जपला. त्याला एक चरा पडू दिला नाही.

पण मामा त्या ऑपरेशनातून पुरते उठलेच नाहीत. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. दारात खुर्ची टाकून बसायचे. मोठी गाडी गेली की आवाजावरून सांगायचे, गिअर कितवा आहे ते. पुढच्या थंडीत एका सकाळी आत्या चहा घेऊन गेल्या तेव्हा ते गेलेले होते. हृदय थांबलं, असं गल्लीतले डॉक्टर म्हणाले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. एका दुपारी आत्या आणि मी दोघीच घरी होतो, लसूण सोलत बसलो होतो. आत्या फारशा बोलत नव्हत्या तेव्हा. मध्येच म्हणाल्या, “शेवटी शेवटी त्येस्नी झोप लागायची न्हाय. पाय दुखतोय म्हणायचं. उजवा.”

“मला हाक मारायची आत्या.”

“तुला कशाला. तू दमून आल्याली असायचीस.” त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “मला म्हणायचं, दाब गं जरा. म्या म्हणायची, न्हाय त्यो काय दाबू? तर म्हणायचं, असू दे, दाब. मग म्या पायताला बसून नुसती चादर दाबायची. त्यो पाय जिथं असता तिथं. पहिल्यांदा ते म्हणलं, आनखी जरा जोरानं. मग म्या जोर लावला.”

“मग?”

“मग काय. झोपायचं की.”

त्यांनी पुढची गड्डी घेतली आणि ती फोडायला जमिनीवर हाताने दाबली.